मागच्या बाकावरची जागा

बर्फाच्या कारखान्यातल्या फिटरला वादळाची भीती कधी वाटली नाही; त्याला किळस यायची ती वादळाच्या तयारीची. दर वर्षी वादळांचे दिवस तोंडावर आले की कंपनी 'कुटुंब सुरक्षा दिन' साजरा करी. हो, साजराच. खाडीकाठच्या क्वार्टर्समधल्या बायकापोरांना कोऱ्या टोप्या घालायच्या, कंपनीच्या बसमध्ये बसवायचं, बस फाटकापर्यंत न्यायची, फोटो काढायचा आणि सगळी वरात परत आणायची. खरा आसरा टेकडीवरच्या शाळेत घ्यायचा होता, पण तिथवर बस एकदाही गेली नाही. नाकापेक्षा मोती जड, तसा तयारीपेक्षा फोटो मोठा.

या तमाशाचे म्होरके सुरक्षा अधिकारी. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून कामगारांत त्यांचं नाव शिट्टीसाहेब. फिटरची आई अंथरुणाला खिळलेली, तेव्हा दर वर्षी तो त्यांच्यापुढे जाऊन उभा राही.

"साहेब, आईला एकदा बसमध्ये नेऊन बघू या का? तिला बसता येत नाही, आडवंच न्यावं लागेल."

"अहो, नुसती तालीम आहे. म्हातारीला कशाला उगाच हलवता? वेळ आली की मागचा लांब बाक तिचाच."

फिटर मान डोलवून परत यायचा. मग घरी येईपर्यंत त्याला स्वतःच्या त्या डोलणाऱ्या मानेचीही शिसारी यायची.

आणि एका दुपारी वेळ आलीच. वारा पत्रे उचकटू लागला, खाडीचं पाणी रस्त्याला लागलं आणि बस क्वार्टर्ससमोर येऊन थांबली. शिट्टीसाहेब सकाळीच कंपनीच्या गाडीतून आपल्या सासुरवाडीला सटकले होते. फिटरनं आईला चादरीत घेतलं, बायकोनं पायाकडची टोकं धरली. बसच्या मागच्या दारातून पाहतात तर लांब बाकावर खोकी. ऑफिसातले कॉम्प्युटर होते ते, प्लॅस्टिकात गुंडाळून, दोरीनं आवळून, तान्ह्या बाळासारखे निजवलेले.

ड्रायव्हरनं साहेबांना फोन लावून फिटरच्या हातात दिला.

"तिला पुढच्या खेपेला घेऊ," साहेब म्हणाले. "तोवर क्वार्टर्सच्या व्हरांड्यात थांबू दे. वर छप्पर आहे, काही होत नाही."

"पुढची खेप कसली, साहेब? रस्ता बुडत चाललाय."

"हे बघा, तो कंपनीचा माल आहे. माझ्या हातात काही नाही." आणि पुढे बोलण्याआधीच फोन मेला.

फिटरनं बसमध्ये पाहिलं. ज्यांचे नळ, पंखे, कुलपं त्यानं एका हाकेसरशी दुरुस्त केली होती, ते सगळे शेजारी आता खिडकीबाहेर पाहण्यात गढून गेले होते. एक जण तर म्हणाला, "साहेब सांगतायत तर थांबा की जरा. आमचीही पोरंबाळं आहेत."

फिटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं आईला बायकोच्या मांडीवर टेकवलं, दोऱ्या कापल्या आणि एकेक खोकं उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवायला लागला. कोणी बोटही लावलं नाही. शेवटी ड्रायव्हरच शिव्या घालत उतरला आणि त्यानं दुसरी बाजू धरली. "चल, आटप. बस बुडाली तर माझ्याच माथी मारतील."

आई बाकावर आडवी झाली आणि बस निघाली. धक्क्यांनी तिची चादर ओली झाली, तेव्हा मघाच्या त्याच लोकांनी नाकाला पदर आणि रुमाल लावले. फिटरची बायको सासूला पुसत राहिली. फिटरला वास आला तो त्या माणसांचा.

पाणी ओसरल्यावर शिट्टीसाहेब कडक इस्त्रीत शाळेवर आले. येताना वाटेत त्यांना क्वार्टर्सच्या जागी नुसता चिखल दिसला होता. कोण वाचलं, कोण राहिलं, काही विचारलं नाही. वर्गाच्या कोपऱ्यात फिटर आईला चमच्यानं पाणी पाजत होता, तिथे येऊन ते उभे राहिले.

"ती खोकी कुठे ठेवलीत?"

फिटरनं चमचा खाली ठेवला नाही. "तुम्ही माझ्या आईला जिथं थांबायला सांगितलंत ना, साहेब, तिथंच."