दुपारच्या पाराचा पखवाज

आमच्या घरात भुताखेतांसाठी सवडच नव्हती. बाबा दुसऱ्याच्या रापणीवर जाळ्याचे दोर ओढायचे, आई सुक्या मासळीची टोपली घेऊन आचऱ्याच्या बाजारात बसायची. मासळी नसली की आम्ही भावंडं पेज-लोणच्यावर झोपायचो. त्या टोपलीवर मी बीएस्सी कॉम्प्युटर झाले. घराण्यातली पहिली पदवीधर! आज मालवणात हायस्कूलमध्ये कॉम्प्युटर शिकवते. वर्गात कोणी अंगात येण्याच्या गोष्टी काढल्या तर सरळ विचारते, "पुरावा खंय आसा?"

त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघड होतंय. पण यंदाच्या सप्ताहात जे झालं, तेव्हापासून एका जागी बसवत नाही...

वर्षभर बाबांना कोणी विचारायचं नाही. फक्त सप्ताहाच्या दिवशी लोक सरून त्यांना वाट द्यायचे. आमच्या वाडीच्या देवळात भजनाचा सप्ताह नावालाच सप्ताह, एका दिवस-रात्रीचा असतो. प्रत्येक घराण्याला एक प्रहर. आम्ही त्याला पार म्हणतो. आपल्या पारात भजन थांबता कामा नये, आणि पखवाजावर हात घराण्याचाच हवा. पार मोडला की दुसऱ्या घराण्याकडे जातो, परत मिळत नाही. आमचा दुपारचा.

बाबांची एक खोड होती. समेच्या अगदी आधीची थाप ते गाळायचे. नुसती पोकळी... आणि मग समेवर 'धुम'! म्हाताऱ्यांच्या तोंडून आपोआप "हां!" निघायचं. माझा धाकटा भाऊ सुन्या बाबांकडेच शिकला, पण ते त्याला कधी साधलं नाही. थाप गाळायला जायचा आणि तालच सुटायचा.

गेल्या पावसाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात गेला, बोलणं तुटक झालं. यंदा पार सुन्याने धरायचं ठरलं, तर सप्ताहाच्या तोंडावर तो पुण्यात बाइकवरून पडला. पाय प्लास्टरमध्ये, प्रवास बंद, आणि घराण्यात तिसरा वाजवणारा नाही.

मीच म्हटलं, इंटरनेटवरून वाजवूया. व्हिडिओ कॉलवर ताल जमत नाही, आवाज उशिरा पोचतो. पण संगीतासाठी वेगळं सॉफ्टवेअर मिळतं. ते आवाज साठवून ठेवतच नाही, बारीक तुकडे करून आला तसा पुढे ढकलतं. दोन्हीकडे वाय-फाय नको, वायर हवी. हेडफोनसुद्धा वायरचेच.

पहिल्या तालमीत फजिती. सुन्या झांजांची वाट बघायचा, झांजवाले सुन्याची. लय मंदावत मंदावत रांगायला लागली.

"गो बाय, ह्यो गजर काय मयताक निघालो?" तातू म्हणाले. देवळाच्या कमिटीतले सगळ्यात म्हातारे.

मी माइकमध्ये ओरडले, "सुन्या, वाट बघू नको रे! तू फुडे वाजव, ते येतले मागसून!"

आणि जमलं. तरी तातूंचं समाधान नाही. "घराण्याचो हात व्हयो. लॅपटॉपाक खंयचा घराणा?"

"तातू, हात सुन्याचोच. नुसती वायर लांब आसा."

लोक हसले. तातू हसले नाहीत. "बरा. पण आवाज बंद पडलो तर पार गेलो. मगे माझ्याकडे रडान येव नको."

सप्ताहाच्या दिवशी आईने रीतीप्रमाणे बाबांच्या पखवाजाला डाव्या तोंडावर, जिथून 'धुम' निघतो तिथे, कणीक लावून तो देवासमोर ठेवला आणि ती घरी बाबांच्या खाटेपाशी जाऊन बसली. घर देवळापासून हाकेवर. लख्ख दुपार. लॅपटॉपला जोडलेला स्पीकर मंडपवाल्याच्या वेगळ्या लाइनवर, राउटर खांबाजवळच्या बोर्डावर, लॅपटॉपपाशी हेडफोन लावून, झांज घेऊन मी. गजर रंगला, माणसं फेर धरून नाचायला लागली.

आणि स्क्रीन लाल झाली. संपर्क तुटला.

मागे वळून बघते तर माझा चुलतभाऊ बाबल्या. त्याच्या हातात राउटरचा प्लग!

"मेल्या, काय काढलंस ता?"

"च्याची किटली लावतंय गो... सगळ्यांका च्या नको?"

माझ्या हातातली झांज गळली. पार गेला. बाबांचा पार माझ्यामुळे गेला... आणि मग लक्षात आलं, पखवाज वाजतोय. स्पीकरमधून. कुठेही न अडखळता.

मी बाबल्याकडे बघितलं. तो प्लग तसाच धरून स्पीकरकडे बघत होता.

समेच्या आधीची थाप गळली. पोकळी... 'धुम'!

"हां!" म्हातारे एकदमच ओरडले. तातू फेरात जागीच थबकले आणि माझ्याकडे वळून बघायला लागले.

मी प्लग हिसकावून परत लावला. राउटर चालू व्हायला वेळ घेतो. तोवर पखवाज वाजतच होता, ती पोकळी पुन्हा पुन्हा येत होती. मग हेडफोनमध्ये सुन्याचा रडवेला आवाज, "ताई! लाइन गेली गो! मी हात आवरून बसलंय. पार गेलो?"

"वाजव," एवढंच म्हटलं. त्याचा हात आत आला. दुसरा कधी बाजूला झाला, कळलं नाही.

पार संपताच घरी धावले. आई म्हणाली, "हळू गो, कधीचे झोपलेत." मी बाबांचा डावा हात हातात घेतला. झटका आल्यापासून तो तळवा थंड असायचा. आता तो लालबुंद होता, तापलेला... पूर्वी वाजवून उठल्यावर असायचा तसा.

बाबांनी डोळे उघडले. "पार... झालो?"

"झालो, बाबा."

आता माझं डोकं काय सांगतं ते. सॉफ्टवेअर आवाज साठवत नाही. साठवला म्हणावा तर तो सुन्याचा, त्यात ती पोकळी कुठून येणार? लॅपटॉपला दुसरं नेट नव्हतं. बाबांचं रेकॉर्डिंग आम्ही कधी केलंच नाही, याची तर हळहळ आहे. एकाच्या मोबाइलवर व्हिडिओ आहे... स्क्रीन लाल दिसते, पखवाज ऐकू येतो. सुन्या तो पुन्हा पुन्हा लावून ती पोकळी ऐकतो. घरात कोणी नसलं की मी राउटरचा प्लग काढते आणि स्पीकरला कान लावून बसते. काही येत नाही. तरी परत काढते.

हे कसं झालं, मला सांगता येत नाही. सप्ताह उठला तेव्हा तातूंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "दुपारचो पार मोडूक नाय. हात घराण्याचोच होतो."

पार आमच्याकडेच राहिला.