एक गल्ली, दोन प्रभाग

आमची गल्ली मंगळवार पेठेच्या कडेला आहे, रुंदीला जेमतेम बारा पावलं. माझं घर डाव्या हाताला, बाईंचं बरोबर समोर. दोघं आपापल्या दारात उभं राहून बोललं तरी एकमेकांना ऐकू जायचं. मी बोललो तर सगळ्या गल्लीलाच ऐकू जायचं.

बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचं माहेर शिरोळच्या बाजूचं, घरात मराठी आणि कानडी दोन्ही. बोलायच्या मराठीत, पण काही मोजायचं असलं की ओठ कानडीत हलायचे. त्या एकट्याच राहायच्या. मी गारगोटीहून अठराव्या वर्षी आलो, लाकडाच्या अड्ड्यावर हमाली केली आणि मग जुनी दारं, चौकटी, तुळया घेऊन विकायची स्वतःची वखार टाकली. मला कुणी हात दिला नाही, आणि हे मी भेटेल त्याला ऐकवत आलो. माझा स्वभाव तापट. सौद्यात मात्र डोकं थंड ठेवायचो. समोरच्याला किती द्यायची आपली तयारी आहे हे शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही, आणि हवं असेल त्याच्या दुप्पट मागायचं. या दोन गोष्टींवर मी घर बांधलं.

नव्वद सालानंतर कधीतरी बाईंनी मतदार यादीचं काम अंगावर घेतलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गल्लीत भाडेकरू बरेच. लग्न होऊन आलेल्या बायकांची नावं माहेरच्या गावात राहिलेली, काहींची कुठंच नव्हती. बाई कोरे फॉर्म पिशवीत घालून दारोदार जायच्या आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचा फॉर्म स्वतः भरायच्या. एके सकाळी माझ्या दारात आल्या.

"बाई, मत दिऊन कुणाचं भलं झालंय? मला वखारीला उशीर हुतोय," मी म्हणालो.

"यादीत तुमचं नाव कुठं आहे?"

"असंल की कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे गारगोटीत. इतकी वर्षं कोल्हापुरात राहताय, तरी तुम्ही अजून एसटीतच बसलाय म्हणायचं."

आमची बायको आत हसली. मी फॉर्म भरला, तिचाही भरला.

दोन-तीन वर्षांत गल्लीत नाव नसलेलं माणूस शोधून सापडेना. मतदानाच्या दिवशी बाई सकाळी सात वाजता प्रत्येक कडी वाजवायच्या. म्हाताऱ्या बायकांना दोघी-दोघी करून रिक्षात बसवून शाळेत न्यायच्या. कुणाला मत द्या हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ते काम माझं होतं, म्हणजे मी ते माझं करून घेतलं. एक उमेदवार मतं मागायला आला तेव्हा त्याला वखारीतल्या ओंडक्यावर बसवून मी दोन नळ, गटारावर फरशी, कोपऱ्यावर दिवा आणि बोळात शौचालय मागितलं. घासाघीस होऊन तो नळ आणि दिव्यावर तयार झाला. मला तेवढंच हवं होतं. निवडून आल्यावर सहा महिन्यांत नळ आले.

बाईंना ते आवडलं नाही. "मतं म्हणजे तुमच्या तुळया नव्हेत," त्या म्हणाल्या.

"तुळयाच हायत की बाई. एकेक सुटी इकली तर जळणाच्या भावात जाती. सगळ्या मिळून एक घर हुतंय."

 पण पुढं एका म्हातारीला फॉर्म भरायला लावताना तुळयांचं हेच त्या सांगत होत्या, ते मी माझ्या दारातून ऐकलं.

दोन हजार सालानंतर पुन्हा प्रभाग पाडले. कच्चा नकाशा लोकांना बघायला लावला होता. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी चालवणारे मामा तो बघून आले. डबे घेऊन थांबलेल्या बायकांसमोर त्यांनी सांगितलं, "गटारावरनं रेघ वढलीया. हिकडचं एका प्रभागात, तिकडचं दुसऱ्यात. आता समोरच्या घरात साखर मागायला जायचं तर पासपोर्ट लागंल."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन त्यांनी नकाशा कागदावर उतरवून आणला आणि पुढचे आठ दिवस घरोघर फिरून माणसं मोजली. या वेळी मतदार नव्हे, पाळण्यातल्या पोरासकट सगळी माणसं, कारण प्रभाग माणसांच्या संख्येवर पडतो आणि ती संख्या ठरलेल्या मर्यादेत बसावी लागते, हे त्या विचारून आल्या होत्या. मग त्यांनी दोन पानांची हरकत लिहिली. गल्लीची उजवी बाजू आमच्या प्रभागात घ्यावी आणि तिच्या बदल्यात ओढ्याकडची तेवढ्याच माणसांची घरं पलीकडच्या प्रभागात द्यावीत. ओढ्याकडच्या लोकांनाही तेच हवं होतं, त्यांची शाळा, दवाखाना सगळं पलीकडंच होतं. त्यांनीही सह्या दिल्या. सह्यांचे कागद वेगळे होते, ते हरकतीला मागून जोडायचे होते.

त्याच आठवड्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं. शिरोळकडं बाईंच्या भावाच्या घरात त्यांची आई अंथरुणावर होती. बाईंना जावं लागलं. निघताना कागद माझ्या हातात दिले. "उद्या शेवटचा दिवस आहे. आहे तसं द्या. सुनावणीला बोलवतील, तिथंही एवढंच बोला."

"बाई, बोलायचं मला शिकवताय व्हय?"

"बोलायचं नव्हे. थांबायचं शिकवतेय."

मी कागद वखारीत नेऊन वाचले. आपण काय सोडणार हे पहिल्याच पानावर लिहिलेलं, आणि मागणी नेमकी हवी तेवढीच. असा सौदा कुठं होतो का, असं मला वाटलं. समोरचा त्यातनंही काहीतरी कापणारच. मी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडं गेलो. ओढ्याकडची घरं देण्याचा परिच्छेद काढायला लावला. मागणीत उजव्या बाजूबरोबर मागची आख्खी आळी आणि तीन रस्त्यांच्या तिकटीपर्यंतची घरं घातली. सुनावणीचा साहेब आळी कापेल, तिकटी कापेल आणि गल्ली आपल्याला मिळेल. लागलंच तर ओढा हातात आहे. टायपिस्टनं विचारलं, "हे काढायचं नक्की का?" मी म्हणालो, "तू टाईप कर." सह्यांचे कागद मागं टाचले आणि शिक्का मारून पोच घेतली.

सुनावणीला माझ्या आधी दुसऱ्या पेठेतली चार तरुण माणसं होती. त्यांनी एवढं घ्या, एवढं द्या असं लिहून आणलं होतं. साहेबानं आकडे तपासले आणि शेजारच्याला म्हणाला, "हे बसतंय, शिफारस करा." पाच मिनिटांत ते मोकळे झाले. मला तेव्हाही कळलं नाही.

माझा कागद बघून साहेब म्हणाला, "तुमच्या मागणीप्रमाणं केलं तर लोकसंख्या मर्यादेच्या फार बाहेर जाते. बदल्यात कुठला भाग द्यायचा ते लिहिलेलं नाही."

"सोडतो की साहेब. मागची आळी सोडली."

"ती तर तुम्हीच मागितलीय."

"मागितलीवती. आता सोडली. तिकटीबी सोडली. वर ओढ्याकडची घरं घ्या."

मागं कुणीतरी हसलं. साहेब हसला नाही. "लेखी हरकतीत आहे तेवढंच मला बघता येतं. मुदत संपली."

"मग निम्मं तरी द्या. रेघच तर वढायची हाय तुमास्नी, कुठं जमीन मागतोय?"

"हा बाजार नाही," साहेब म्हणाला आणि पुढचं नाव पुकारायला लावलं. मी टेबलावर हात आपटला. शिपायानं माझं कोपर धरून मला बाहेर आणलं.

त्या साहेबावरचा माझा राग अजून गेलेला नाही. शब्द मागं घ्यायला तो मला एक कोरा कागद देऊ शकला असता. पण त्या रागाआड मी काय लपवलं ते इथं लिहायला बसलोय.

पूर ओसरल्यावर बाई परत आल्या. आई गेली होती. चार-सहा दिवसांत पक्का नकाशा लागला, त्यात रेघ गटारावरच होती. आमच्या हरकतीपुढं लिहिलं होतं, लोकसंख्या मर्यादेबाहेर जात असल्यानं अमान्य. बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांना वाटलं, आपलंच मोजण्यात चुकलं. दुसऱ्या दिवशी त्या वही घेऊन पुन्हा घरोघर गेल्या. सुतकातली बाई पाळण्यातली पोरं मोजतेय, हे मी माझ्या दारातून बघत होतो. माझ्या घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्यात पाचच ना?" मी म्हणालो, "पाचच." एवढंच म्हणालो.

गिरणीत मामा म्हणाले, "जन्मभर पोरास्नी गणित शिकवलं आणि गल्लीची बेरीज चुकली बाईंची." बायका हसल्या. मीही तिथं होतो, डबा घेऊन. दुसऱ्या कशावरनंही मी भांडलो असतो.

त्या निवडणुकीत आमची बाजू नेहमीच्या शाळेत गेली आणि समोरची मोठा रस्ता ओलांडून पार पलीकडं. बाईंनी समोरच्या कड्या वाजवल्या, पण म्हाताऱ्यांतल्या निम्म्या उठल्या नाहीत. उमेदवार दोन्हीकडं उभे होते, पण आमच्या गल्लीत एकही आला नाही. कुणाच्याच प्रभागात आमची मतं मोजण्याएवढी नव्हती. कोपऱ्यावरचा दिवा गेला तर कुणाला सांगायचं, यावरून दोन बाजूंत भांडणं लागली, आणि गटार तुंबलं की जो तो समोरच्या नगरसेवकाकडं बोट दाखवायचा.

वर्षभरानं बाईंनी कार्यालयात अर्ज करून हरकतीची नक्कल मागवली. ती घेऊन त्या माझ्या वखारीत आल्या. याआधी त्या तिथं कधी आल्या नव्हत्या. एका चौकटीला टेकून उभ्या राहिल्या आणि कागद माझ्यापुढं धरला.

"माझी बेरीज बरोबर होती," त्या म्हणाल्या.

मी बोलायला सुरुवात केली. साहेब, मुदत, निम्मं. त्यांनी ऐकून घेतलं.

"लोकांना तुम्ही सांगणार का?"

"सांगतो की. बघून, वेळ बघून."

"बरं," त्या म्हणाल्या आणि गेल्या. त्यांनी स्वतः गल्लीत कुणालाही सांगितलं नाही. मी तर नाहीच.

त्यानंतर त्या गल्ली ओलांडून डाव्या बाजूला आल्या नाहीत. नवीन सून आली, भाडेकरू बदलले, तरी आमच्या बाजूचे फॉर्म कुणी भरले नाहीत. दोनेक वर्षांनी त्या शिरोळला भावाकडं राहायला गेल्या. घर रिकामं करायच्या आधी कोल्हापूरच्या यादीतनं आपलं नाव कमी करण्याचा अर्ज त्यांनी भरून दिला. गल्लीतनं कितीतरी माणसं गेली, काही तर वारली, त्यांची नावं अजून यादीत आहेत. स्वतःचं नाव स्वतः काढून गेलेल्या त्या एकट्याच.

पुढच्या वेळी प्रभाग पाडायचा कच्चा नकाशा लागला, तेव्हा मामा माझ्या दारात आले. "वखारवालं, बोलण्यात तुमच्यासारखं कोण हाय? जा की एकदा. रेघ सरकंल कदाचित."

"माणसं मोजायला लागत्यात मामा."

"मोजा की मग."

मी वही घेऊन बसलो. आमची बाजू झाली. समोरच्या बाजूला पहिल्या घरात कोण राहतं, मला माहीत नव्हतं. दुसऱ्यातही नव्हतं. कडी वाजवली तर एका माणसानं दार अर्धं उघडून विचारलं, "कुठलं पावणं तुमी?" मी समोर बोट दाखवलं. त्याला ते कळलं नाही, आणि मी वही मिटून परत आलो.

हरकतीची मुदत संपली. आमच्या गल्लीतनं एकही हरकत गेली नाही.