गुडघ्यांना जागा

माझी उंची सहा फूट तीन इंच. आमच्या देवगडकडच्या वाडीत एवढा उंच माणूस माझ्याआधी कुणी पाहिला नव्हता. तिथे ह्या उंचीचा उपयोग व्हायचा. नारळ काढायचे, माळ्यावरचं सामान उतरवायचं, लग्नाचा मांडव बांधायचा, की मला हाक यायची. कुवेतला आल्यावर मात्र तीच उंची माझ्या जिवावर उठली.

इराकबरोबरची लढाई संपून काही वर्षं झाली होती. सालमियातल्या एका भारतीय हॉटेलात मला घरपोच जेवण पोचवायचं काम मिळालं. हॉटेलची एक छोटी जपानी मोटरसायकल होती. तिच्या मागे जेवणाचा चौकोनी डबा पक्का बसवलेला. पहिल्या दिवशी मी तिच्यावर बसलो तेव्हा भटारखान्यातली माणसं बाहेर येऊन हसली. माझे गुडघे हॅण्डलच्याही वर येत होते. पाठीला डबा टेकत होता. मीही हसलो. मोटरसायकल मला मनापासून आवडायची आणि काम मिळालं होतं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

हळूहळू हसू गेलं. गुडघे हॅण्डलला लागू नयेत म्हणून मी पाय फाकवून बसायचो. वारा त्यांना आणखी बाहेर ढकलायचा. दुपारच्या फेऱ्या संपेपर्यंत मांड्या भरून यायच्या आणि गाडीवरून उतरलो की उजवा पाय आपला वाटायचाच नाही. ज्या इमारतीची लिफ्ट बंद असेल तिथे जिना आडवा चढायचो, खेकडा चालतो तसा. उन्हाळ्यात काळी सीट इतकी तापायची की बसण्याआधी तिच्यावर ओलं फडकं मारावं लागे. बाकीचे पोरगे मला ‘ऊंट’ म्हणायचे. त्याचं काही वाटत नव्हतं. भीती वेगळीच होती. तिशीच्या आतच गुडघे गेले, तर घरी परत जाऊन करणार काय? पहिल्या सुट्टीत गावी गेलो, तेव्हा बायकोसमोर मी गुडघ्यांचं नावही काढलं नाही.

मग एके दुपारी मी पडलो. सालमियातल्या एका गल्लीत गाडी वळवत होतो. वळण अरुंद, वेग जवळजवळ नाहीच. हॅण्डल पूर्ण फिरवलं आणि ते माझ्या गुडघ्याला अडलं. पुढेही जाईना, मागेही येईना. गाडी सरळ आडवी झाली आणि मी तिच्याखाली. मागून येणाऱ्या टॅक्सीने करकचून ब्रेक लावला. तिचं चाक माझ्या खांद्याच्या इतक्या जवळ थांबलं की तापलेल्या टायरचा वास नाकात गेला. टॅक्सीवाला पठाण खाली उतरला. त्याने आधी मला बाहेर ओढलं, मग गाडी उभी केली आणि मगच शिव्या दिल्या. सांबार रस्ताभर पसरलं होतं.

आमचे मॅनेजर केरळचे. ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. माझा सोललेला हात त्यांनी उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, “तुम को कुछ हो गया तो तुम्हारे घर पे मैं क्या बोलेगा? तुम ये गाडी का आदमी नहीं है. अगले महीने से किचन में काम करो.”

किचन म्हणजे तळघरातली कांदे कापायची जागा. तिथलं छत माझ्या डोक्याला टेकायचं. “मला थोडे दिवस द्या. गाडी माझ्या मापाची करून घेतो,” मी म्हटलं. त्यांनी खांदे उडवले. पण नाही म्हणाले नाहीत.

आमच्या खोलीत एक चाचा राहायचे. रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. शुवैखच्या बाजारात गाड्यांच्या सीटा शिवायचं त्यांचं काम. वयाने आमच्यात सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचे चाचा. खाली येऊन त्यांनी माझी सीट दोन्ही हातांनी दाबून पाहिली.

“अरे, हिच्यात काय राहिलंच नाही. तू पत्र्यावर बसतोयस.”

“उंच करता येईल का?”

“उंच करू. तू वर गेलास की पाय आपोआप सुटे होतील. त्यात काय!”

त्यांनी सीट दुकानात नेली. चार बोटं जाड, मऊ फोम चढवला आणि वर पांढरट जाड कापड शिवलं, उन्हात तापू नये म्हणून. दिसायला सीट इतकी सुरेख झाली होती की चाचांनी ती खोलीत आणून सगळ्यांना दाखवली. मी बसलो. गादीवर बसल्यासारखं वाटलं. पहिले काही दिवस मजेत गेले. मग फोम बसला. खालचा पत्रा पुन्हा लागायला लागला. त्यात मी वर गेलो होतो आणि हॅण्डल होतं तिथेच, त्यामुळे वाकून चालवावं लागे. गुडघ्यांचं दुखणं जरा कमी झालं, तर कंबर धरली. एका दुपारी गाडीवरून उतरून फुटपाथवर तसाच वाकलेला उभा राहिलो. मला सरळच होता येईना.

चाचांना सांगायला जीभ रेटत नव्हती. त्यांनी चालण्यावरूनच ओळखलं.

“फसलं ना?”

“थोडंसं.”

“थोडंसं कसलं, कमरेतून मोडल्यासारखा चालतोयस,” ते म्हणाले आणि सीट पुन्हा काढायला पाना शोधू लागले.

माझ्या गावचा एक दादा दक्षिणेकडच्या मीना अब्दुल्ला भागात रिफायनरीच्या ठेकेदाराकडे वेल्डर होता. तिथेच कामगारांच्या कॅम्पात राहायचा. त्याला फोनवर सगळं सांगितलं, तसा तो म्हणाला, “शुक्रवारी गाडी घेऊन ये. आणि त्या चाचांका पण घेऊन ये.” फोरमनला विचारून ठेकेदाराच्या वर्कशॉपची चावी त्याने मिळवली होती. मीही सुट्टी मागून घेतली.

थंडीचे दिवस होते. चाचा बसने गेले, मी गाडीने. सालमियापासून तो रस्ता लांब आणि सरळ. अहमदीचा फाटा येईपर्यंत मी तीनदा थांबलो, पाय झटकले, कंबर धरून उभा राहिलो. पोचलो तेव्हा दादाने मला उतरताना पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

“असो चलवतस तू रोज?”

मग त्या दोघांचं जे भांडण लागलं ते जेवणापर्यंत चाललं. दादाचं म्हणणं, पाय ठेवायची दांडी खाली घ्यायची. चाचांचं म्हणणं, दांडी खाली घेतली तर वळताना रस्त्याला घासेल, त्यापेक्षा सीटच नीट भरू.

“सीट भरून झाली ना एकदा? काय झाला मग?” दादा म्हणाला.

“फोम मऊ होता. माझी चूक. आता खाली कडक घालतो, वर मऊ.”

“आणि कंबरेचा काय?”

“ते तू बघ. लोखंड तुझं, गादी माझी.”

मी मध्ये उभा होतो आणि दोघंही माझ्याकडे बघत नव्हते. एवढ्यात काम करायला सोपं जावं म्हणून दादाने मागचा जेवणाचा डबा सोडवून जमिनीवर ठेवला. मी सहज गाडीवर बसलो आणि सवयीने मागे सरकलो. इतके दिवस मागे डबा होता, सरकायला जागाच नव्हती. ह्या खेपेला मी सरकलो आणि सरकतच राहिलो. हॅण्डल फिरवून पाहिलं. ते गुडघ्याला लागलं नाही.

“दादा,” मी म्हटलं, “मला डबाच पुढे ढकलत होता.”

दोघंही भांडण सोडून आले. चाचांनी माझ्या पाठीमागे हात घालून अंतर पाहिलं. दादा म्हणाला, “हात मेल्या, ह्या आमका कसा दिसला नाय!” आणि तिघंही हसत सुटलो.

त्यानंतर काम भराभर झालं. दादाने मागचं कॅरिअर लांबवून डबा वीतभर मागे नेला. दांडीच्या आणि फ्रेमच्या मध्ये लोखंडी ठोकळे बसवून ती थोडीशीच खाली घेतली, चाचांची शंका खरी होऊ नये इतकीच. गिअरचं आणि ब्रेकचं पॅडलही तेवढंच उतरवलं. हॅण्डलखाली दोन तुकडे घालून ते वर आणलं. तेव्हा एक नवंच झालं. हॅण्डल डावीकडे वळवलं की इंजिन आपोआप जोरात ओरडायला लागे, कारण ॲक्सिलरेटरची केबल आखूड पडून ताणली जात होती. दादाने केबल वेगळ्या वाटेने फिरवली आणि तो आवाज थांबला. चाचांनी सोबत आणलेला कडक फोम कापून, घासून सीटचा पुढचा भाग निमुळता केला आणि मागचा रुंद. कापड तेच पुन्हा ताणून बसवलं.

परतीचा रस्ता तोच होता. अहमदीचा फाटा गेला तरी मी थांबलो नाही. पाठ सरळ होती. पाय मोकळे होते. समुद्राकडून गार वारा येत होता आणि ऊन अजून पूर्ण उतरलं नव्हतं. कुठे दुखतंय का, हे मी पुन्हापुन्हा स्वतःलाच विचारत होतो आणि पुन्हापुन्हा काहीच सापडत नव्हतं. सालमियाला पोचलो, गाडी लावली, खाली उतरलो आणि चालायला लागलो. बस्स, एवढंच. उतरलो आणि चालायला लागलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते कुणी पाहिलं नाही, म्हणून बरं झालं.

मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडून गाडी त्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंनी वळवून घेतली. मग म्हणाले, “ठीक है. किचन कैन्सल.”

एक धास्ती उरली होती. वर्षाची तपासणी जवळ आली होती आणि लोखंड लावून बदललेली गाडी नापास होईल असं सगळे सांगत होते. तरी मी जाऊन रांगेत उभा राहिलो. तपासणीवाल्याने गाडीभोवती फेरी मारली, दांडीखालचे ठोकळे बोटाने ठोकले.

“हादा शुनू?” हे काय, त्याने विचारलं.

मला येत होतं तेवढं अरबी मी वापरलं. “अना तवील.” मी उंच आहे.

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ठोकळा पुन्हा हलवून पाहिला, तो हलला नाही. मग त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि मागच्या दिव्याकडे बोट दाखवलं. “लैत खरबान.” दिवा बिघडलेला होता. गाडी नापास झाली, पण एका दिव्यासाठी! नापास होऊन इतका खूश झालेला माणूस त्याने पाहिला नसावा. दुसऱ्या दिवशी नवा दिवा लावून गेलो आणि गाडी पास झाली.

पुढच्या सुट्टीत गावी गेलो. पाटावर जेवायला बसलो, जेवलो आणि उठून हात धुवायला गेलो. बायको बघतच राहिली.

“गेल्या खेपेला भिंत धरून उठत होतात,” ती म्हणाली. “मी कुणाला बोलले नव्हते.”

“आता बरा आहे,” मी म्हटलं.

“खरंच ना?”

“खरंच.”

तिने ताट उचललं आणि आत गेली. जरा वेळाने माजघरातून तिच्या गुणगुणण्याचा आवाज आला.