सिकोयाचा जोड

नूरुद्दीनचा झाडांवर विश्वास नव्हता. अठ्ठावीस वर्षं तो दुबईत, अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये खोटी झाडं बनवत आला होता, हॉटेलांसाठी, मॉलसाठी. आत लोखंडी सांगाडा, वर फायबरग्लासची साल. दोन तुकडे मिळतात तिथे तो भेग कोरायचा आणि तिच्यात काळा रंग मारायचा. मग जोड दिसत नसे. करामा भागात त्याच्या घराखाली कडुलिंब होता. खराच. तरी जाता-येता त्याला तो टिचकी मारून बघे.

यंदा साठी आली. व्हिसा वाढवायचा की नाही, हे महिनाअखेर कंपनीला सांगायचं होतं. तेवढ्यात मुलगा फहदने त्याला आणि झुबेदाला अमेरिकेला बोलावलं, आणि तिसऱ्याच दिवशी चार तास गाडी चालवून सिकोया नावाच्या प्रचंड झाडांच्या पार्कात नेलं.

"मला झाडं दाखवतोय," नूरुद्दीन बायकोच्या कानात म्हणाला. "काहीतरी मागायचंय त्याला."

"मुलगा आहे तुमचा. कस्टमर नाही."

मान मागे टाकूनही शेंडा दिसेना. तांबूस रंग, नको इतका सारखा. नूरुद्दीनने बुंध्यावर ठोकलं. भद्द आवाज आला. अंगठा दाबला तर साल दबली. खाली माणूस मावेल एवढी भेग, आत काळीकुट्ट.

"फोम आहे. आणि जोड इथे लपवलाय."

"अब्बा, साल मऊच असते याची. आणि ते आगीत जळलंय, कधीकाळी."

"जळलं, तर उभं कसं?"

"ग्रँडपा, इट्स रिअल!" नात नबिला ओरडली.

"माझ्या झाडांनाही पोरं हेच म्हणतात."

फहद हसला. मग खाली बघत म्हणाला, "अब्बा, खलास करा ना आता दुबई. इथेच राहा, आमच्याकडे."

नूरुद्दीनने झुबेदाकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती.

"इथे करू काय?"

"काही नाही. आराम."

नूरुद्दीन भेगेत शिरला. अंधारात त्याने वरपासून खालपर्यंत हात फिरवला. बोटांना कोळसा लागला, रंग नव्हे. तरी तो चाचपत राहिला. बाहेर फहद ताटकळत होता.

अल क्वोजला परतल्यावर पहिल्याच दिवशी त्याने व्हिसाच्या कागदावर सही केली. संध्याकाळी फहदचा फोन आला.

"म्हणजे तुम्ही येणारच नाही?"

"येणार, इन्शाल्ला. पुढच्या सुट्टीत. बॅटरी घेऊन. जोड सापडला नाही अजून."