एअरबॅगचा दिवा

माझ्या भावजयीचा, सुनीताचा फोन आला तेव्हा मी बँकेत निघायच्या तयारीत होते. "ताई, हे उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. बदलापूरहून अंबरनाथला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... मिलिंद, माझा धाकटा भाऊ. छातीत दुखतंय असा चकार शब्द त्यानं कधी काढला नव्हता. महिना होऊन गेला, माझा राग अजून जात नाही.

एमआयडीसीजवळ त्याचं गॅरेज. गाडीतला कॉम्प्युटर वाचणारी एक केबल आणि कॉपी केलेली सीडी त्यानं उल्हासनगरातून आणली होती आणि नवसाच्या पोरासारखी जपली होती. ती चालायची फक्त त्याच्या जुन्या लॅपटॉपवर, तीही मनात आलं तर. ओरिजिनल घे म्हटलं की म्हणायचा, ओरिजिनलवाले शोरूममध्ये बसतात. शोरूमवाल्यांची टर उडवणं हा त्याचा आवडता उद्योग होता.

माझ्या सेकंडहँड गाडीचा एअरबॅगचा दिवा सतत पेटलेला असायचा. त्यानं केबल लावली, दोन बटणं दाबली, दिवा गेला. मी खूश. रविवारी आम्ही शिवमंदिराकडे निघालो, तर शेजारी बसून त्यानं मला किल्ली बंद करून पुन्हा फिरवायला लावली. मग पुन्हा. किल्ली फिरवली की हा दिवा क्षणभर लागून विझायला हवा. माझा लागतच नव्हता. त्याची सीडी आधीच्या मॉडेलची निघाली. मूळ बिघाड तसाच होता, वर एअरबॅगही बंद पडली होती.

"ताई, मी हिला बरी नाही केली," तो म्हणाला. "मुकी केली. कुठे ठोकली असतीस तर..."

मला त्यानं रिक्षानं घरी धाडलं. दुसऱ्या दिवशी स्वतः शोरूममध्ये गेला, आपण काय करून ठेवलं ते सगळं सांगितलं आणि दुरुस्ती होईपर्यंत त्यांच्या सोफ्यावर गुमान बसून राहिला. माझ्यासाठी गिळला त्यानं तो अपमान. मी मात्र त्या सोफ्यावरून त्याला वर्षभर चिडवलं. ती केबल त्यानं पुन्हा कुणाच्या एअरबॅगला लावली नाही.

दिवा विझेपर्यंत गाडी हलवायची नाही, हा तेव्हापासून त्याचा हुकूम. शेजारी असला की गिअरवर हात ठेवून बसायचा. आता अडवणारं कुणी नाही, तरी रोज सकाळी मी थांबते. दिवा लागतो, विझतो... आणि वाटतं, आणखी थोडा वेळ राहिला असता तर काय बिघडलं असतं.