कबुलीशिवाय ताट नाही

ती घटना आठवली की आजही आधी कानात येतो एका मुलाचा शांत आवाज, "व्हय साहेब, मीच ढकलला त्याला."

मी तेव्हा रोह्याला उपनिरीक्षक होतो. परिसरात कारखाने आले होते, गावोगावची तरुण पोरे नाक्यावर बसू लागली होती, दारू आणि मारामाऱ्या वाढल्या होत्या. निडीजवळ डोंगराच्या पायथ्याशी एका गृहस्थांनी अशा पोरांसाठी निवासी सुधार आश्रम काढला. त्यांना सगळे दादा म्हणत. पहाटे व्यायाम, दिवसभर शेतात काम, संध्याकाळी सभा. सरकारी सुधारगृहापेक्षा हे बरे, असे पालकांना वाटे. मलाही वाटे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि तो वसतिगृहाच्या शिस्तीमुळेच झालो.

एका सकाळी नदीकाठच्या वाडीतली एक बाई ठाण्यात आली. "माजा पोर आश्रमात नाय. इचारलं तर कोन बोलत नाय." मुलगा हरवल्याची तक्रार दाखल केली. दुपारी दादा स्वतःच एका उंच मुलाला घेऊन हजर झाले. "काल सभेत यानं कबूल केलंय. त्या हरवलेल्या पोराला अंबा नदीत ढकलला म्हणतो."

मुलाने जबाब घडाघडा दिला. खून करून आलेला माणूस इतका नीटनेटका बोलत नाही. नदीवर नेले, तर ढकलल्याची जागा त्याने दोनदा बदलली. परत येऊन दादांना बाहेर बसवले आणि दार लावून घेतले.

"निडी स्टेशनची घंटा चोरलीस, तीही तूच ना?"

"व्हय साहेब. मीच."

हवालदार हसू दाबत भिंतीकडे वळले. घंटा जागेवरच होती. सकाळी निडीहून ठाण्यात येताना त्यांनीच तिचा ठोका ऐकला होता.

"खोटं का सांगतोस?"

त्याने बंद दाराकडे पाहिले. "सभेत रोज आपला एक गुन्हा सांगायचा. नाय सांगितला तर ताट नाय. माजे संपले व्हते. दादा म्हनले, तो गायब झाला त्यात तुजाच हात असंल, आठव. मी आठवलं."

आता संशय दादांवर. आश्रमाची विहीर पाहिली, शेत पाहिले. काही नाही. मग त्या आईला नातेवाइकांबद्दल विचारले. मुलाचा मामा धरमतरला बार्जवर कामाला होता. मुलगा तिथेच माल उतरवताना सापडला.

"पळालास का रे?"

"रोज नवं पाप कुठनं आनू, साहेब?"

आईने आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला, मग ती रडली.

मुलांना उपाशी ठेवल्याबद्दल दादांवर गुन्हा दाखल केला. "पोरं सुधारत होती," एवढेच ते म्हणत राहिले. मला वाटते, त्यांचा त्यावर खरेच विश्वास होता. कबुली मिळाली की तपास संपला, असे आमच्या खात्यातही अनेकांना वाटते. पुढच्या नोकरीत मी प्रत्येक कबुलीआधी हे पाहू लागलो, की कबूल केले नसते तर या माणसाचे काय होणार होते.

उंच मुलाचे वडील त्याला न्यायला येईपर्यंत मी त्याच्यासाठी खानावळीतून ताट मागवले. भात समोर आला, तरी तो हात लावेना.

"जेव की रे."

तो उठून उभा राहिला, हात जोडले.

"साहेब, आधी काय सांगू?"