थैलीभर औषध

माझ्या हट्टापायी नातीने लॅपटॉपवर तोच जुना राक्षसांचा गेम लावला. धून वाजली आणि मी मनाने आर्णी गावातल्या घरात, मुलीच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. तेव्हा ह्यांना जाऊन महिना झाला होता. मला भूक नव्हती, रडूही येत नव्हतं. मुलीने बळेच खेळायला बसवलं. काय मी शहाणी बाई! गेममध्ये सापडेल ती औषधाची बाटली माझ्या योद्ध्याच्या थैलीत पाहुण्यांसाठीच्या लोणच्यासारखी जपून ठेवत होते.

"आई, पाज ना त्याले! कायले ठेवून राह्यली?"

"पुढं लागन."

भरल्या थैलीनिशी माझा योद्धा मेला. मुलीने गेम मागच्या मुक्कामापासून पुन्हा सुरू केला. तो उठून उभा राहिला. मी लगेच एक बाटली पाजली.

"आता कायले वं? धडधाकट हाय तो!"

मी दुसरीही पाजली.